हॅलो, बोरखडी?

वैजयंतानं चंपतला पहिल्यांदा पाहिलं ते पायाकडून.

ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. बाहेर श्रावणातली रिपरिप चालू होती. तेवढ्यात वर कौल फुटल्याचा आवाज झाला, आणि चुलीच्या बरोबर वर, धुरानं काळ्या पडलेल्या वाशांमधून एक पाय खाली आला... पार गुडघ्यापर्यंत. चिखलानं माखलेला. अंगठ्यात अडकलेली चप्पल दोन क्षण झुलली आणि पिठाच्या परातीत येऊन पडली.

"माय वं!" वैजू ओरडली.

"भिऊ नका..." पायाच्या वरून आवाज आला. "मी अँटेनावाला हाये."

"मंग वरतं लावा न अँटेना. खालतं कायले येता?"

"पाय निघून नाई राह्यला, बाई."

"राहू द्या तसाच. भाकर झाली का तव्यावरून पाय तेवढा बाजूले घ्या म्हणजे झालं!"

मग कौलांच्या फटीतून एक हसू ऐकू आलं... दबलेलं, लाजलेलं. वैजूची आई रेणुकाबाई मळ्यातून धावत आल्या, दोन गडी वर चढले आणि तो पाय ओढून काढला. खाली दारात येऊन उभा राहिला तेव्हा चंपतच्या कपाळाला काजळी लागली होती, केसांतून पाणी गळत होतं, आणि एका पायात चप्पल नव्हती.

वैजूनं पिठानं भरलेली चप्पल त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली. तिनं वर पाहिलं, त्यानंही पाहिलं... आणि का कोण जाणे, दोघंही हसले नाहीत. हसायला हवं होतं. हसले असते तर गोष्ट तिथंच मिटली असती आणि पुढचं काही सांगायची पाळी आली नसती.

कौल बदललं, पण तिथलं गळणं काही थांबलं नाही. पाऊस आला की चुलीजवळ नेमकं त्याच जागी पाणी ठिबकायचं. रेणुकाबाई तिथं पातेलं ठेवायच्या आणि दरवेळी म्हणायच्या, "त्या अँटेनावाल्याचा पाय गळून राह्यला पाह्य!"

अँटेनाचं प्रकरण असं होतं. वैजूचे वडील पांडुरंगराव भाजी पिकवणारे. घर आणि मळा बोरखडीत, आणि भाजीची अडत इचोड्याला, हैदराबाद–नागपूर रस्त्याला लागून. नव्वद सालानंतरचे ते दिवस. इचोड्याच्या दुकानात फोन होता, पण बोरखडी पडली टेकडीमागे, तिथं फोनची तार यायला आणखी एक पिढी जाईल असं लोक म्हणत. सकाळी घरून वांगी तोडून पाठवावीत, तर त्याच दिवशी वांग्याचा भाव कोसळलेला असायचा. हे घरी कळवायचं कसं? म्हणून पांडुरंगरावांनी नागपूरहून बिनतारी फोन आणला. त्याचा मोठा डबा दुकानात तारेला जोडलेला आणि हातातला फोन घरी. मध्ये तार नाही, काही नाही. फक्त हवा.

फोन एक नाही, जोडी आणली होती. दुसरा घेतला उत्तमरावांनी. हे तलमडुगुकडचे कापूसवाले, पांडुरंगरावांचे जुने दोस्त. दोघं एकाच जीपनं नागपूरला गेले, एकाच दुकानातून एकसारखे दोन फोन घेतले, आणि परतताना जीपमध्येच आणखी एक गोष्ट ठरवून आले. उत्तमरावांचा धाकटा मुलगा उद्धव आणि पांडुरंगरावांची वैजू. कापूस घरात आला की साक्षगंध करायचं, म्हणजे चारचौघांत सोयरीक पक्की करायची. वैजूला हे कळलं ते फोनचं खोकं उघडताना. वडील म्हणाले, "हा फोन आन तो फोन भाऊभाऊ हायेत, बाई. तसेच आता आमी व्याही." आणि खूप हसले. ती हसली नाही. तिला कुणी विचारलंही नाही.

चंपत इचोड्यातला रेडिओवाला. पांडुरंगरावांच्या अडतीच्या ओसरीत त्याचं एक टेबल होतं, त्यावर पोट फाडलेले ट्रान्झिस्टर. जातीनं सोयऱ्यांतलाच, पण ना शेत-वावर ना घर, बाप लहानपणीच गेलेला. कारागीर म्हणूनही तो काही फार मोठा नव्हता. तेलुगू गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्याला शब्दाशब्दाला "सरे, सरे", म्हणजे 'बरं, बरं', म्हणायची सवय लागली होती. रेडिओ दुरुस्त झाला तरी "सरे", नाही झाला तरी "सरे".

त्यानं कौलांवर बसवलेला पहिला अँटेना असा होता की आवाज यायचा तो फक्त गोठ्यात, आणि तोही गव्हाणीवर उभं राहिलं तर. त्यामुळे रोज सकाळी वैजू म्हशीच्या गव्हाणीवर चढून, एका हातानं आढ्याला धरून, दुसऱ्या हातानं फोन कानाला लावायची आणि म्हैस तिच्या परकराचा काठ चघळायची. तिकडून वडील ओरडायचे. त्यातलं तिला कळायचं ते एवढंच... "वांगी... खरर्र... नको... खरर्र... भेंडी!"

एक दिवस वडिलांऐवजी दुसराच आवाज आला.

"हॅलो... बोरखडी?"

वैजू गव्हाणीवर ताठ उभी राहिली. "कोण?"

"इचोडा बोलून राह्यलो. तुमचे बाबा गाडी उतरवून राह्यले. म्हणाले, सांग घरी, टमाटे भरून पाठवा."

"इचोड्याले पाय हायेत का?" ती म्हणाली.

तिकडे खरखर झाली. "हायेत न. एक बोरखडीत राहून गेला होता, तो बी आणला परत."

"पूर्ण नाई आणला. अजून गळून राह्यला."

त्यानंतर पांडुरंगराव बरेचदा गाडी उतरवत असायचे. खरं तर दुपारी जेवण झालं की ते अडतीच्या मागच्या खोलीत पोत्यांवर आडवे व्हायचे, आणि फोनजवळ राहायचा चंपत. इकडे रेणुकाबाई बायका घेऊन मळ्यात निंदणीला जायच्या. गोठ्यात उरायची वैजू, म्हैस आणि तो फोन. तिकडचा डबा आणि इकडचा फोन आपापसांत बोलू शकत, त्याला तारेचीही गरज नव्हती.

नावं घ्यायची नाहीत असं त्यांनी आपसूकच ठरवलं. कुणी मध्येच आलं तर? वडील जागे झाले तर? म्हणून तो तिला म्हणायचा बोरखडी, ती त्याला म्हणायची इचोडा. जणू दोन गावंच एकमेकांशी बोलत होती.

"बोरखडीत आज काय हाये?"

"बोरखडीत आज पिठलं."

"इचोड्यात कोणी पिठलं देत नाई."

"इचोड्यात ढाबे हायेत न एवढे!"

"ढाब्यावरचं पिठलं ट्रकवाल्याइले. माह्यासारख्याइले घरचं पायजे."

"मंग घर करा."

"करतो न. घरात कोण येते ते कळू दे आंधी."

खरर्र... खरर्र... नेमकं अशा वेळी आवाज जायचा. ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, टाचा उंचावून, कान फोनला दाबून उभी राहायची आणि त्या खरखरीतून एक एक शब्द वेचायची. वैजूला त्या दिवसांत दोनच गोष्टी समजत होत्या... कापूस फुटायला लागला आहे, आणि इचोड्याचा आवाज अर्धाच ऐकू येतो आहे.

मग चंपतनं मोठा अँटेना करायचं मनावर घेतलं. पांडुरंगरावांना त्यानं सांगितलं, "मालक, भावाची बात हाये. निम्मं ऐकू आलं तर निम्मं नुकसान." पांडुरंगरावांना ते पटलं. चंपतनं ॲल्युमिनियमच्या नळ्या कापल्या, एका दांड्यावर आडव्या ठोकल्या, लांब, आखूड, आणखी आखूड. असे दोन अँटेना झाले. एक इचोड्यात अडतीच्या छपरावर चढला. दुसरा घेऊन तो बोरखडीला आला. या खेपेला अनवाणी.

त्यानं मळ्यातला सगळ्यांत उंच बांबू निवडला. गोठ्याच्या कोपऱ्यात एक जुनं फुटकं दगडी उखळ पडलं होतं, त्यात बांबूचा बुंधा उभा केला आणि वर सागाच्या खांबाला तारेच्या सैल कड्या घातल्या. त्यामुळे बांबू पडत नव्हता, पण हातानं गोल फिरत होता.

"वाऱ्यानं तोंड फिरते याचं," त्यानं वैजूला समजावलं. रेणुकाबाई ओसरीवर मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या, म्हणून तो बांबूकडे बघून बोलत होता. "म्हून रोज बोलाच्या आंधी फिरवून घ्या लागते. धरा... अस्सं. हळू. आवाज वाढते का पाहाचा, वाढता वाढता घटाले लागला का मांघं आणाचा."

तिनं बांबू धरला. त्यानंही वर धरला होता. दोघांच्या हातांत वीतभर अंतर होतं. बांबू फिरला तसं ते अंतर कमी झालं... तिनं हात काढला नाही. त्यानं काढला, घाईघाईनं, आणि खिशातून खडू काढून खांबावर एक रेघ ओढली.

"ही खूण इचोड्याची," तो म्हणाला. "इथं तोंड आलं का मी हाये."

त्या दुपारी आवाज आला तो असा, की वैजूच्या हातून फोन पडता पडता राहिला. गव्हाण नको, टाचा उंचावणं नको. चंपत जणू गोठ्यातच, खांबाआड उभा होता. मागे रस्त्यावरचा ट्रकचा भोंगा, टेबलावर ठेवलेल्या स्क्रू ड्रायव्हरचा खट्ट आवाज, आणि तो श्वास घेत होता तेही...

"हॅलो... बोरखडी? येते का आवाज?"

"येते," ती म्हणाली. तिचा स्वर तिलाच ओळखू आला नाही.

"कसा येते?"

"...जसा पायजे तसा."

तो महिना वैजूच्या आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा. तिनं पिठल्यापासून सुरुवात केली आणि हळूहळू सगळं सांगितलं. दहावीनंतर शाळा सुटली त्या दिवशी ती विहिरीवर बसून रडली होती ते. आपलं लग्न ठरलं आहे आणि आपल्याला जेवढं म्हशीला विचारतात तेवढंही विचारलेलं नाही ते. दुपार कधी होते याची सकाळपासून वाट पाहते, तेही. चंपत मध्ये बोलायचा नाही. फक्त "सरे... सरे..." म्हणायचा, इतक्या हळू, जणू कुणी पाठीवरून हात फिरवावा.

आणि फोन ठेवताना रोज एकच विचारायचा.

"दिवाळीच्या आंधी मामाले घेऊन येतो तुमच्या बाबाकडे. लाथ मारली तं मारली. पण आंधी मले कळू दे. बोरखडीचं काय म्हणणं हाये?"

"बोरखडी विचार करून राह्यली."

"किती विचार करते वं बोरखडी!"

विचार कसला? तिचं म्हणणं पहिल्या दिवशीच ठरलं होतं, परातीत चप्पल पडली तेव्हाच. पण 'हो' म्हटलं की रोजचं विचारणं संपेल, आणि ते विचारणं तिला फार गोड लागायचं. म्हणून ती उद्यावर टाकत गेली. आजही उद्या, उद्याही उद्या...

कापूस पुरता फुटला आणि उत्तमरावांकडची मंडळी मुलगी पाहायला आली. उत्तमराव, त्यांची बायको सोजरबाई आणि उद्धव. वैजूनं पोहे दिले, खाली मान घालून पाटावर बसली. सोजरबाईंनी ना शिक्षण विचारलं, ना स्वयंपाक. त्या तिच्याकडे टक लावून पाहत राहिल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "बोल न बाई काही. तुह्या तोंडून 'बोरखडी' म्हणून दाखव बरं."

बाकीचे हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते वैजूला कळलं नाही.

इकडच्या रीतीप्रमाणे मुलामुलीला जरा वेळ मळ्यात बोलायला पाठवलं. विहिरीच्या थारोळ्याजवळ, पाणी पडतं त्या दगडी हौदाशी, उद्धव उभा राहिला. साधा, सडपातळ, हातात टोपी. त्याची बोटं टोपीची कड दुमडत होती.

"तुमचा आवाज फोनवर जरा बारीक येते," तो म्हणाला.

वैजूनं मान वर केली. "कोणत्या फोनवर?"

"आमच्या." त्यानं टोपी दुसऱ्या हातात घेतली. "तुमचा फोन आन आमचा फोन एकच न. जोडीचा, दोन्हीची लहर एकच. पह्यले नुसती खरखर यायची. तुमचा नवा अँटेना लागला आन... समदं येऊन राह्यलं. तुमचं बी, त्याचं बी. जसं रेडिओवर येते तसं."

विहिरीवरचं इंजिन बंद होतं. मळ्यात कुठंच आवाज नव्हता. वैजूनं थारोळ्याचा दगड धरला.

"कोण कोण ऐकते?"

"माय. दोन्ही वहिनी. दुपारी फोन मांडून बसतेत. नाव तं तुमी कवा घेतलं नाई... पण बोरखडीत फोन एकच हाये न."

नावं घेतली असती तरी एक वेळ बरं झालं असतं. वैजू नावाच्या दहा मुली असतील, चंपत नावाचे शंभर. पण फोन असलेली बोरखडी एकच. लपण्यासाठी जे पांघरलं त्यानंच दोघांना उघडं पाडलं होतं. आणि तो अँटेना! आवाज स्वच्छ यावा म्हणून उभारलेला, खडूची खूण करून रोज नीट लावलेला... त्यानं तिचं मन इचोड्याला नेलं, तसंच तलमडुगुकडच्या एका ओसरीवरही नेऊन मांडलं होतं. फोन भाऊभाऊ असतात हे वडिलांनी चेष्टेत सांगितलं होतं. रेडिओवाल्या चंपतला ते ठाऊक असायला हवं होतं, पण नव्हतं.

"आन तुमी?" तिनं विचारलं. "तुमी बी ऐकलं?"

"ऐकलं." तो खाली बघत म्हणाला. "पह्यल्या दिवशी राग आला. मंग... आदिलाबादचा बाजार टाकून दुपारचा घरी येत गेलो. तुमी ते विहिरीवर रडल्याचं सांगितलं न, त्या दिवशी वहिनी हासल्या. मी त्याइच्यावर वरडलो." तो थांबला. "असं माह्यासंग कोणी कवा बोललं नाई. म्हून मायले म्हटलं, कराचं तं इथंच करीन."

वैजूला रडू फुटलं. संताप, लाज आणि एक भयंकर दया, सगळं एकदमच आलं. तिनं एका माणसासाठी बोललेले शब्द दुसऱ्याच माणसाला लागले होते, आणि तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

"तुमी ऐकलं हाये समदं," ती म्हणाली. "मंग तुमाले माहीत हाये माहं मन कुठी हाये. नाई म्हणा न. तुमी नाई म्हटलं तं लगन मोडते."

"मोडते. पण तुमचे बाबा इचारतीन न, काऊन मोडलं?" उद्धवनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "मी चूप राहीन. माय नाई राहणार. पोट्टीत खोट होती म्हून सोडली, असं ती चार गावात सांगीन. आन त्या पोट्ट्याचं टेबल तुमच्याच बाबाच्या ओसरीत हाये. तुमचे काके त्याले इचोड्यात राहू देतीन? लगन झालं तं माय तोंड उघडत नाई. घरातली बात घरात राह्यते."

वैजूनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले.

"मी धमकी देऊन नाई राह्यलो, वैजयंताबाई. मी दुसरा रस्ता लय पाह्यला. भेटला नाई."

तिलाही भेटला नाही. त्या दिवसापासून तिनं सगळीकडून विचार केला. आईला सांगावं, तर आई आधी कपाळाला हात लावणार आणि मग वडिलांना सांगणार. चंपतला निरोप द्यावा, तर इचोड्याला तिला एकटीला कोण जाऊ देणार? पळून जाऊ म्हणावं, तर ते म्हणायचं कशावर? फोनवरच. आणि फोन ठेवायच्या आत तिचे काका बोरखडीच्या रस्त्यावर उभे असतील. तिच्याजवळ चंपतपर्यंत पोचणारी एकच वाट होती, आणि त्या वाटेवर सोजरबाई फोन मांडून बसल्या होत्या.

साक्षगंधाचा दिवस ठरला. वडिलांनी दुकानात पेढे वाटले, तेव्हा ओसरीतल्या टेबलावरही एक पेढा ठेवला असणार. त्या दुपारी फोन वाजला.

पाऊस थांबून बरेच दिवस झाले होते, पण त्या दिवशी अवकाळी आभाळ आलं होतं. वैजू गोठ्यात गेली. बांबूचं तोंड वाऱ्यानं जरासं हललं होतं. सवयीनं तिनं ते खडूच्या रेघेवर आणलं, मग फोन कानाला लावला.

"हॅलो... बोरखडी?"

इतका स्वच्छ, इतका जवळचा आवाज आजवर कधीच आला नव्हता.

"बोरखडी, तुमच्या बाबानं पेढा देल्ला मले. मी खाल्ला नाई. टेबलावर हाये." तो थांबला. "आता तरी सांग. मामा आजच याले तयार हाये. माराचं तं मारू दे मले. तू नुसतं 'हो' म्हण, मी कोणाले भेत नाई. बोरखडीचं काय म्हणणं हाये?"

'हो' तिच्या ओठावर होतं. महिनाभर जपलेलं, सांभाळून ठेवलेलं. तिनं तोंड उघडलं, आणि तिला तलमडुगुकडची ती ओसरी दिसली. फोनभोवती वाकलेली डोकी. त्यातलंच एक खाली घातलेलं, टोपीची कड दुमडणारं. 'हो' म्हटलं की चंपत मामाला घेऊन येईल, आणि अंगणातून चालत परत जाणार नाही.

"इचोडा..." ती म्हणाली. "आवाज येऊन नाई राह्यला."

"काय?"

"तुमचा आवाज येऊन नाई राह्यला."

"असं कसं? मले तं तू रडून राह्यली ते बी ऐकू येते!"

"मले काहीच ऐकू येत नाई. नुसती खरखर हाये." तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि स्वर मात्र ती दगडासारखा धरून होती. "आता येणार बी नाई. बोरखडीचं एवढंच म्हणणं हाये."

तिकडे एक ट्रक गेला. त्याचा आवाज पार दूर विरत गेलेला तिला ऐकू आला. आपल्या हातानं नळ्या कापून चंपतनं तो अँटेना केला होता. आवाज येतो की नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"कोणी... ऐकून राह्यलं का?" त्यानं अगदी हळू विचारलं.

ती गप्प राहिली. तिच्या गप्प राहण्यातून त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं.

"सरे," तो म्हणाला. "सरे... मंग फिरवून पाह्य. शिकवलं न तुले. धर बांबू."

तिनं एका हातानं बांबू धरला. थंड, गुळगुळीत. खडूच्या रेघेपासून तिनं तो हळूच बाजूला नेला. उखळात बुंधा करकरला.

"आता येते?"

"नाई," ती म्हणाली. येत होता. प्रत्येक अक्षर येत होतं.

"मंग अजून फिरव... आता?"

"नाई."

खरखर सुरू झाली. त्याच्या आवाजाच्या कडा झिजू लागल्या. बांबूचं तोंड मळ्यावरून, विहिरीवरून, टेकडीच्या शेंड्यावरून सरकत चाललं होतं. तिचा हात थांबला. तिला पुढे फिरवता येईना. तिनं कपाळ बांबूला टेकवलं. आत्ता हात उलटा फिरवला तर तो परत येईल, पूर्णच्या पूर्ण, श्वासासकट...

"थांबू नको." खरखरीतून तो म्हणाला. "अजून थोडा... खरर्र... अजून फिरव, वैजू."

वैजू. त्यानं तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. एकदाही नाही.

तिनं बांबू फिरवला. "...जू..." असं काहीतरी आलं, मग नुसता वारा, मग तेही नाही. फोन कानाला तसाच धरून ती उभी राहिली. म्हशीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"हो," वैजू फोनमध्ये म्हणाली. "चंपत, हो. पह्यल्या दिवशीपासून हो."

आता बांबूचं तोंड ना इचोड्याकडे होतं, ना तलमडुगुकडे. तिनं पुन्हा एकदा सांगितलं, यावेळी मोठ्यानं, आणि बटण दाबून फोन बंद केला.

बाहेर टपटप पाऊस सुरू झाला होता. मळ्यातून रेणुकाबाईंची हाक आली, "वैजू, चुलीजवळ पातेलं ठेव वं! गळून राह्यलं असंन!" वैजू घरात गेली. वाशांमधल्या त्या जागेतून पाणी ठिबकू लागलं होतं. तिनं खाली पातेलं सरकवलं, डोळे पुसले आणि परातीत पीठ घेतलं.